कापलेला पैसा, थांबलेला भत्ता

पगारातून होणाऱ्या सरकारी कपाती आणि नोकरी सुटल्यावर अडकणारे दावे यांवर या महिन्यात सोलापूर परिसरातून पत्रं आली आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सहा वर्षं मागावर होतो. कामावर पगार (जेवढं काम तेवढी मजुरी), महिन्याला सरासरी १४,६०० रुपये पडायचे, ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत होते. १२ जून २०२५ ला शेठनी ‘सुताचा भाव परवडत नाही, कारखाना बंद’ असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं. नोकरी गेलेल्या विमाधारकांना भत्ता देणाऱ्या ईएसआयच्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेचा अर्ज ऑनलाइन भरला, पण ‘प्रलंबित’च्या पुढे जात नाही. शाखेत गेलो तर म्हणतात, तुम्ही अजून कामावर दिसता. मग मी घरी बसलोय ते काय?
– एक यंत्रमाग कामगार

उत्तर: कार्यालय म्हणतं त्यात तथ्य आहे. तुमची नोकरी कारखान्यात सुटली, पण कागदावर सुटलेली नाही.

मालक दर महिन्याला ईएसआयच्या संकेतस्थळावर प्रत्येक कामगाराचे कामाचे दिवस आणि मजुरी भरतो. ज्याचे दिवस शून्य, त्याच्यासमोर कारणाचा आकडा टाकावा लागतो. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ८ म्हणजे काम तात्पुरतं स्थगित, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नाही. सोलापुरात कारखाना ‘तात्पुरता’ बंद ठेवताना बहुतेक हिशेबनीस ११ टाकून मोकळे होतात. त्यात त्यांचा हेतू वाईट असतोच असं नाही. ११ किंवा १ टाकलं की शेवटच्या कामाची तारीख द्यावी लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण ती तारीख नसेल तर तुम्ही बेरोजगार ठरत नाही आणि दावा तिथेच थांबतो. २ टाकलं तर तारीख लागते, पण मग तुम्ही स्वतःहून सोडलं असा अर्थ निघतो, आणि स्वतःहून सोडणाऱ्याला ही योजना नाही. तुमच्या बाबतीत १० आणि १२ जून ही तारीख नोंदवलेली असायला हवी.

तेव्हा आधी विमा क्रमांकाने ईएसआयच्या कामगार पोर्टलवर लॉगिन करा, अंशदानाचा (भरलेल्या हप्त्यांचा) महिनावार तपशील उघडा आणि त्याची प्रिंट काढा. त्यात तीन गोष्टी तपासा.

पहिली, दिवस. नोकरी गेली त्याच्या लगतच्या अंशदान काळात किमान ७८ दिवस लागतात. अंशदान काळ दोन असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुमच्यासाठी लगतचा काळ म्हणजे ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५. त्याशिवाय त्याआधीच्या तीन काळांपैकी कोणत्याही एकात ७८ दिवस हवेत, आणि त्याआधीची दोन वर्षं विमाधारक नोकरीत असायला हवं. ७८ दिवस म्हणजे महिन्याला सरासरी १३. तुम्ही महिन्याला २५ दिवस माग चालवला असेल, पण कामावर पगार असलेल्यांचे दिवस काही ठिकाणी १० किंवा १२ दाखवले जातात, म्हणजे मजुरी कमी दाखवून कपातही कमी भरता येते. महिन्याला १० दाखवले तर सहा महिन्यांचे ६० होतात आणि दावा बसत नाही. हजेरीचं कार्ड, मजुरीची चिठ्ठी, बँकेत जमा झालेले हप्ते, जे असेल त्याच्या प्रती शाखा कार्यालयात लेखी अर्जासोबत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही. कापलेला पैसा मालकाने भरलाच नसेल, तर तेही याच अर्जात लिहा. तो वसूल करणं महामंडळाचं काम आहे, त्यापायी कामगाराचा हक्क बुडत नाही.

दुसरी, विमा क्रमांक. एकाच शेठच्या दोन-तीन फर्म असतात. या वर्षी या नावावर, पुढच्या वर्षी त्या नावावर, आणि प्रत्येक वेळी नवा विमा क्रमांक. खरं तर विमा क्रमांक माणसाला जन्मभर एकच असतो. दोन निघाले असतील तर दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि कुठेच ७८ भरत नाहीत. आधार आणि दोन्ही कार्डं घेऊन शाखेत जा आणि क्रमांक जोडून देण्याचा अर्ज करा.

तिसरी, शेवटची तारीख आणि कारण. इथे चूक असेल तर ती मालकाच्या लॉगिनमधून किंवा त्याच्या पत्रावरून दुरुस्त होते. पत्रात एवढं पुरे: ‘अमुक विमा क्रमांकाच्या कामगाराचा शेवटचा कामाचा दिवस १२ जून २०२५, कारण कामगार कपात.’ शेठ पत्र देत नसतील तर शाखेला लेखी कळवा. या योजनेत अर्ज मालकामार्फत पाठवायचा नसतो, तो थेट शाखेत जातो आणि मालकाकडून खातरजमा शाखाच करते. म्हणजे मालकाच्या मागे पळणं हे तुमचं काम नाही. पण ‘खातरजमेसाठी मालकाला कधी पत्र गेलं?’ हे विचारणं मात्र तुमच्याच हाती आहे. अर्जाचा क्रमांक घालून हा प्रश्न लेखी विचारा.

आता पैसे किती ते पाहू. मागच्या चार अंशदान काळांतली एकूण मजुरी भागिले ७३०, आणि येणाऱ्या आकड्याचे ५० टक्के. तुमचं गणित: १४,६०० गुणिले २४ म्हणजे ३,५०,४००. त्याला ७३० ने भागलं की रोजचे ४८०. त्याचे निम्मे २४०. जास्तीत जास्त ९० दिवस, म्हणजे २१,६०० रुपये, तेही आयुष्यात एकदाच. नोंदीत मजुरी कमी दाखवली असेल तर हा आकडाही तेवढाच खाली येतो.

अर्ज नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी करता येतो, पण वर्षाच्या आत करायचा. पुढच्या दिवसांचा आगाऊ दावा होत नाही, महिना पुरा झाला की त्या महिन्याचा होतो. मध्ये दुसरीकडे कामाला लागलात तर त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचेच पैसे मिळतात. ते लपवू नका. नव्या मालकाने ईएसआय कापला की ते नोंदीत दिसतंच. बँकखात्यावरचं आणि आधारवरचं नाव एकच हवं. योजना २०१८ पासून मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून अर्ज करताना ती चालू आहे का हे शाखेत विचारून घ्या.

आणखी एक. कारखाना कायमचा बंद झाला किंवा कायदेशीर कामगार कपात झाली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. त्यात बेरोजगारी भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो: पहिलं वर्ष ५० टक्के, दुसरं २५ टक्के. रक्कम बरीच मोठी आहे, पण तिला कारखाना बंद झाल्याचा किंवा कपातीचा कागद लागतो. कुलूप लावून ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणणं हा कागद नव्हे. जुन्या कापड गिरण्या बंद झाल्या तेव्हा निदान गेटवर नोटीस तरी लागायची, आता व्हॉट्सॲपवर एक ओळ येते. ती ओळ पुसू नका, तारखेसकट तिची प्रिंट काढून ठेवा. दोन्ही योजनांचे पैसे एकाच काळासाठी मिळत नाहीत, म्हणून बंदचा कागद मिळत असेल तर कोणता अर्ज आधी करायचा हे शाखेत विचारूनच सही करा.

प्रश्न: गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जानेवारी २०२५ पासून आहे. पगार १९,५००. दर महिन्याला व्यवसाय कर २०० कापतात, फेब्रुवारीत ३०० कापले. ईएसआय १४७. जून महिन्यात आणखी २५ गेले. फेब्रुवारी २०२६ मध्ये बाळंतपण आहे. मॅनेजर म्हणतात, ‘वर्ष झालं नाही म्हणून रजेचे पैसे नाहीत, राजीनामा दे, नंतर परत घेऊ.’ माझ्या पगारातून नक्की काय कापायला हवं?
– एक शिलाई कामगार, नीलमनगर

उत्तर: राजीनामा देऊ नका. बाकी सगळं नंतर.

प्रसूती लाभासाठी वर्षभराच्या नोकरीची अट नाही. आधीच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवसांचं अंशदान हवं. फेब्रुवारी २०२६ च्या बाळंतपणासाठी मोजायचा काळ ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५. तुम्ही जानेवारीपासून कामावर आहात, म्हणजे ७० दिवस कधीच भरले. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, पूर्ण सरासरी मजुरीने. त्यातले ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. १९,५०० भागिले ३० म्हणजे रोज ६५०, आणि १८२ दिवसांचे सुमारे १,१८,३०० रुपये. हे पैसे ईएसआय महामंडळ थेट तुमच्या खात्यात टाकतं. मालकाच्या खिशातून एक रुपया जात नाही, मग राजीनाम्याचा आग्रह कशाला, हे त्यांनाच विचारा. या काळात नोकरीवरून काढणं कायद्याने बेकायदा आहे. रजेच्या महिन्यांत तुमच्यासमोर कारण १, रजेवर, एवढंच टाकायला सांगा. २ टाकलं तर वर मागवाल्या बंधूंना दिलेलं उत्तर वाचा.

आता कपाती. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. तुमच्याकडून कापलेला प्रत्येक रुपया चुकीचा आहे. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये महिला-पुरुष हा रकाना भरलेला नसला की असं होतं. पुरुषांना ७,५०० पर्यंत शून्य, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५००. मॅनेजरना लेखी द्या: ‘महिला कर्मचारी, पगार २५,००० च्या आत, कापलेली रक्कम पगारात परत द्यावी.’ कारखान्यातल्या बाकीच्या बायकांच्याही चिठ्ठ्या बघा, एकीचा कापला तर बहुधा सगळ्यांचा कापला असेल. (हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला आणला. पगारदाराने भरायचं आणि बेकाराला काम द्यायचं, असा त्यामागचा हिशेब होता.)

ईएसआय १४७ बरोबर आहे. १९,५०० चे ०.७५ टक्के म्हणजे १४६.२५, आणि पुढच्या रुपयाला पूर्ण करतात. मालकाचे ३.२५ टक्के वेगळे, ते तुमच्या पगारातून कापले जात असतील तर चूक आहे. जूनमधले २५ कामगार कल्याण निधीचे. ते वर्षातून दोनदा जातात, जून आणि डिसेंबर.

प्रश्न: पंधरा वर्षांपूर्वी विडी कारखान्यात नाव लागलं. २०२३ मध्ये आमची शाखा बंद झाली. पीएफचा दावा तीनदा परत आला. एकदा ‘नाव जुळत नाही’, एकदा ‘नोकरी सोडल्याची तारीख नाही’, एकदा ‘१०-सी अमान्य’. वय ४७. इतकी वर्षं काढायला जमलं नाही, व्याज बुडालं का?
– एक विडी कामगार, कुंभारी

उत्तर: ताई, व्याज बुडालेलं नाही. तुमच्या वयाला पीएफचं खातं निष्क्रिय होत नाही आणि व्याज चालू राहतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांना ८.२५ टक्के होतं.

दावा परत येण्याची तीन कारणं वेगवेगळी आहेत. ती याच क्रमाने सोडवा. क्रम बदलला तर दावा चौथ्यांदा परत येईल.

आधी नाव. विडीत नाव लागलं तेव्हा बहुतेकींचं माहेरचं नाव लिहिलं गेलं, आधार सासरच्या नावाने निघालं. त्यातून तेलुगू आडनावं कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेली, म्हणून एकाच घरात तीन स्पेलिंग. आधार बदलून पीएफशी जुळवायला जाऊ नका, बँक, रेशन, गॅस सगळं बिघडतं. पीएफमधलं नाव आधारसारखं करून घ्या. त्यासाठी संयुक्त घोषणापत्र भरायचं असतं. तुमचा क्रमांक जुना असल्याने त्यावर मालकाची सही लागते. कारखाना बंद असेल तर फॉर्म कागदावर भरून राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीसारख्या मान्य व्यक्तीची साक्षांकन सही घ्या आणि पीएफ कार्यालयात द्या. सोबत आधार, विवाहाचा दाखला किंवा राजपत्र, आणि विडी कारखान्याचं जुनं ओळखपत्र किंवा लॉगबुक. शाखा बंद पण मूळ कंपनी चालू असेल, तर कंपनी बंद नाही. सही कंपनीच्या कार्यालयातूनच मागायची. इथे पुष्कळ जणींचा गोंधळ होतो.

मग तारीख. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने गेले असतील तर यूएएनच्या (पीएफच्या कायम खाते क्रमांकाच्या) लॉगिनमध्ये ‘मॅनेज’खाली नोकरी सोडल्याची तारीख स्वतः भरता येते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटचा भरणा झाला त्या महिन्यातलीच टाका. एकदा टाकली की सहज बदलत नाही, म्हणून आधी पासबुक उघडून शेवटचा महिना बघा.

आता १०-सी. हा फॉर्म पेन्शनचा पैसा एकरकमी काढायचा, आणि तो दहा वर्षांपेक्षा कमी सेवेला. इथे सहा महिने किंवा जास्त असले की पुढचं वर्ष धरतात, म्हणजे ९ वर्षं ७ महिने हेही दहाच. तुमची सेवा दहाच्या वर आहे. तुम्हाला एकरकमी नाही, ५८ व्या वर्षापासून दरमहा पेन्शन आहे. ५० नंतरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितकी दर वर्षाला ४ टक्के घट. आमचं मत: ५० ला घाई करू नका, ती घट आयुष्यभर राहते. आत्ता फक्त फॉर्म १९, पीएफच्या रकमेचा, भरा. सेवा पाच वर्षांच्या वर आहे, त्यामुळे त्यावर कर कापला जायला नको. पाच वर्षांच्या आत सेवा आणि ५०,००० किंवा जास्त रक्कम असेल तर १० टक्के कापतात. उत्पन्न करपात्र नसलेल्यांनी अशा वेळी कर कापू नये असं घोषणापत्र जोडायचं असतं, तुम्हाला त्याची गरज नाही.

दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं. तीनही परतीच्या संदेशांची प्रिंट घेऊन तिथे जा. एजंटला ओटीपी सांगू नका, आणि त्याचा मोबाइल नंबर तुमच्या यूएएनला लागलेला नाही ना, तेही तपासा. हे खूप दिसतं.

प्रश्न: मुलगा सिअॅटलजवळ नोकरीला होता, ग्रीन कार्ड आहे. पगारातून राज्याच्या ‘पगारी रजे’साठी कपात व्हायची. नोकरी गेली, बेकारभत्त्याचा अर्ज करून सात आठवडे झाले, पैसे नाहीत. कापलेले पैसे परत मिळतात का? आम्हाला इथून काही कळत नाही.
– एक निवृत्त शिक्षक, विजापूर रोड

उत्तर: सर, या दोन वेगळ्या पेट्या आहेत. सिअॅटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे दोन्ही एकच सरकारी खातं सांभाळतं, म्हणून गोंधळ होतो.

पगारी रजेचा हप्ता म्हणजे आपल्या ईएसआयचा चुलतभाऊ. २०१९ पासून कापतात. २०२५ मध्ये दर एकूण पगाराच्या ०.९२ टक्के होता, त्यातला ७१.५२ टक्के हिस्सा कामगाराचा. आजारपण, बाळंतपण, घरच्यांची शुश्रूषा यासाठी तो पैसा. नोकरी गेली म्हणून हप्ते परत मिळत नाहीत. बेकारभत्त्याचा कर मात्र तिथे मालकच भरतो, मुलाच्या पगारातून त्यासाठी काही गेलेलं नाही.

सात आठवड्यांबद्दल एकच प्रश्न मुलाला विचारा: अर्ज अडकलेला असताना तो दर आठवड्याचा दावा भरतोय का? बहुतेकांची चूक इथेच होते. निकाल लागला की एकदम भरू, असं वाटतं. पण न भरलेल्या आठवड्याचे पैसे निकाल बाजूने लागला तरी सहसा मिळत नाहीत. दर आठवड्याला भरायचं, नोकरी शोधल्याची नोंद ठेवायची, आणि ‘नोकरी का सुटली’ या खात्याच्या प्रश्नपत्राला मुदतीत उत्तर द्यायचं. मालक एक कारण सांगतो आणि कामगार दुसरं, तेव्हा अर्ज चौकशीला जातो. कंपनीने दिलेलं नोकरकपातीचं पत्र त्याने जोडावं. पहिला पात्र आठवडा बिनपैशांचा असतो.

कर: वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, पण बेकारभत्ता अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आयकराला पात्र आहे. तो मागेल तर १० टक्के आधीच कापून घेतात. न कापून घेतल्यास विवरणपत्राच्या वेळी एकदम भरायची तयारी ठेवावी.

प्रश्न: चिंचोळी एमआयडीसीत ११ वर्षं ७ महिने नोकरी करून राजीनामा दिला. शिल्लक २१० दिवसांच्या रजेचे २,६६,००० मिळाले, त्यावर कर कापला. बरोबर आहे का? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३८,००० होता. रजा वर्षाला २४, त्यातल्या एकूण ५४ घेतल्या.

उत्तर: चूक. नोकरी सोडताना मिळालेला रजेचा पैसा राजीनाम्यातही करमुक्त असतो, नव्या कररचनेतही. चार आकड्यांतला सर्वांत लहान घ्यायचा: मिळालेली रक्कम २,६६,०००, कायद्याची कमाल २५ लाख, दहा महिन्यांचा सरासरी पगार ३,८०,०००, आणि हक्काच्या शिल्लक रजेचा पगार. शेवटचा असा: पूर्ण वर्षं ११, गुणिले २४ म्हणजे २६४, त्यातून घेतलेल्या ५४ वजा, उरले २१० दिवस म्हणजे ७ महिने, पुन्हा २,६६,०००. संपूर्ण रक्कम करमुक्त. कापलेला कर विवरणपत्रात परत मागा आणि कंपनीकडून रजेचा हिशेब लेखी घेऊन ठेवा. २५ लाख ही मर्यादा आयुष्यभराची, सगळ्या मालकांकडची मिळून. नोकरीत असताना रजा विकली तर मात्र पूर्ण कर लागतो, आणि नोटिशीच्या बदल्यात मिळालेल्या पगारावरही.

प्रश्न: ऑगस्टमध्ये पगार २१,८०० झाला. ईएसआय लगेच बंद व्हायला हवा ना?

उत्तर: नाही. अंशदान काळाच्या मध्ये २१,००० ची मर्यादा ओलांडली तर ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण २१,८०० वर कापत राहायचं. १ ऑक्टोबरपासून बंद. मालकाने ऑगस्टमध्येच थांबवलं असेल तर त्याला ते मागून भरायला लावा. एप्रिल ते सप्टेंबरचे तुमचे ७८ दिवस भरले, तर पुढच्या जानेवारी ते जून या काळात आजारपणाच्या लाभावर तुमचा हक्क राहतो. उपचार त्या काळात चालू राहावेत म्हणून कार्ड जपून ठेवा.